थंडींत जुना डिझेल ट्रॅक्टर सुरू करणें

पौष महिन्यांत निफाडच्या बाजूस पारा कधीं कधीं ५ अंशांच्याही खालीं उतरतो. द्राक्षबागेवरील फवारणी वारा सुटण्यापूर्वीं उरकावयाची असते आणि नेमका त्याच वेळीं जुना ट्रॅक्टर अडून बसतो. दोन वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकानें अशाच एका सकाळीं मिनिटभर एकसारखा सेल्फ मारिला. सेल्फ जळाला, फवारणी चुकली व दुरुस्तीचा भुर्दंड पदरीं पडला. तसा प्रसंग वाचकांवर येऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवेस १६ ते १८ पट दाबतो. त्या दाबानें हवा तापते व तींत उडालेलें डिझेल आपोआप पेटतें. थंडींत गार लोखंड ती उष्णता शोषून घेतें, ऑइल घट्ट झाल्यानें इंजिन सावकाश फिरतें व बॅटरीचा जोरही घटतो. जुन्या यंत्राच्या रिंगा झिजलेल्या असल्यास दाबलेली हवा निसटते, म्हणून त्यास त्रास अधिक.

आपल्याकडील थंडींत डिझेल सहसा गोठत नाहीं. लडाखांत तें गोठतें. म्हणून तेथें २०१९ सालीं उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें डिझेल आणण्यांत आलें. आपण मात्र प्रथम बॅटरीचीं टोकें, फिल्टर व नळ्यांत शिरलेली हवा पाहावी.

सुरू करतांना गिअर न्यूट्रलला ठेवून क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळें गिअरपेटींतील घट्ट ऑइलाचा भार इंजिनावर पडत नाहीं. हीटर असल्यास १५-२० सेकंद तापवावा. नंतर सेल्फ १० सेकंदांहून अधिक मारूं नये; न लागल्यास मिनिटभर थांबावें. रेडिएटरांत कोमट पाणी घालण्यास हरकत नाहीं. उकळतें घातल्यास गार ब्लॉक तडकण्याची भीति असते.

हवेच्या नळींत ईथर किंवा पेट्रोल सोडण्याची कित्येकांस संवय असते. हीटर तापलेला असतां त्याचा भडका उडतो, शिवाय अकालीं स्फोटानें रिंगा मोडतात. ऑइलच्या चेंबरखालीं जाळ करणेंही तितकेंच घातक. इंजिन बंद खोलींत चालूं ठेवूं नये. त्या धुरानें माणूस दगावतो.

इंजिन लागल्यावर ऑइलचा कांटा वर आल्याची खात्री करून पांच मिनिटें मंद चालवावें, मगच भार द्यावा. बॅटरी व ऑइल यांची तपासणी मार्गशीर्षांतच उरकल्यास पौषांतील सकाळ वायां जाणार नाहीं.