गाडीतली वीज : लेखांक ६
डिकीतला एक फॅरड

मागच्या लेखांकात अ‍ॅम्प्लिफायरच्या भुकेचा हिशेब मांडला होता. सबवूफर चालवणारा १००० वॅटचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात वाजला की १२५० वॅट घेतो, म्हणजे १४ व्होल्टला जवळपास ९० अँपिअर. लहान गाडीचा अल्टरनेटर (गॅरेजमध्ये त्याला अजूनही डायनामोच म्हणतात) साधारण ७० ते ९० अँपिअरचा असतो. तेवढा प्रवाहही इंजिन वेगात फिरत असतानाच मिळतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो बराच खाली येतो आणि त्यातच हेडलाइट, ए.सी.चा पंखा, इंजिनाचा संगणक या सगळ्यांचं भागवायचं असतं. म्हणून बासच्या ठोक्याला हेडलाइट मंदावतात. यावर दुकानातला ठरलेला इलाज म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरशेजारी एक फॅरडचा कपॅसिटर बसवायचा. व्होल्टचे आकडे झळकवणारं ते चकचकीत नळकांडं डिकीत शोभतं खरं, पण मंदावणाऱ्या दिव्यांचं दुखणं त्यानं बरं होत नाही आणि त्यावर घातलेले पैसे आधी दुसरीकडे लागायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

कपॅसिटरमधली ऊर्जा धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. एक फॅरडच्या कपॅसिटरमध्ये १४.४ व्होल्टला सुमारे १०४ ज्यूल मावतात. पण हे सगळे वापरता येत नाहीत, कारण शून्य व्होल्टवर अ‍ॅम्प्लिफायर चालत नाही. व्होल्टेज १४.४ वरून १२.४ वर येईपर्यंत कपॅसिटर जे देईल तेवढंच खरं उपयोगाचं, आणि ते भरतं फक्त २७ ज्यूल. १२५० वॅटच्या मागणीला ते २१ मिलिसेकंद पुरतात. ५० हर्ट्झच्या बासचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. निम्मा भार अल्टरनेटरनं उचलला असं धरलं तरी दोन आवर्तनं. पाव सेकंदाच्या एका ठोक्याला ३०० ज्यूलहून जास्त लागतात, तिथे हा तांब्या पहिल्याच घोटात रिकामा होतो. शिवाय रिकामा झालेला कपॅसिटर पुन्हा भरायचा तोही अल्टरनेटरनंच. ठोका संपला की ती उधारी लगेच वसूल होते. कपॅसिटर वीज साठवतो, तयार करत नाही, ही साधी गोष्ट विक्रीच्या भाषेत नेमकी हरवते.

यावर हमखास आक्षेप येतो, की कपॅसिटर लावल्यावर दिव्यांची उघडझाप कमी झालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. ती होऊ शकते, हे मान्य. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. १४.४ चे १२.४ व्होल्ट झाले तर उजेड जवळपास ४० टक्क्यांनी घटतो. इतक्या नाजूक मापकावर घसरणीची धार थोडी बोथट झाली तरी फरक दिसणारच. पण घसरण थोडी सावकाश होणं वेगळं आणि थांबणं वेगळं. एलईडी हेडलाइटच्या गाडीत तर मूळ घसरण तशीच राहूनही दिवे स्थिर दिसतात, त्यामुळे दिव्यांची साक्ष अपुरी. खरी साक्ष मल्टीमीटर देतो. गाणं जोरात लावून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचं. बॅटरीपाशी ते टिकून असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरपाशी कोसळत असेल, तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा. ५ मीटर लांबीच्या, १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ९० अँपिअरला पाऊण व्होल्ट गळतो. तीच वायर २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती ०.३ व्होल्टवर येते. बॉडीवर रंग न खरवडताच आवळलेला अर्थिंगचा बोल्ट याहून जास्त नुकसान करू शकतो, आणि तो दुरुस्त करायला पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो. उलट दोन्हीकडे व्होल्टेज एकदमच कोसळत असेल, तर वीजच कमी पडते आहे. मग अल्टरनेटर, त्याची बॅटरीपर्यंतची वायर आणि इंजिनाचं अर्थिंग याच क्रमानं बघायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो सुपरकपॅसिटरचा. २.७ व्होल्टचे, ५०० फॅरडचे सहा सेल एकापुढे एक जोडले तर ८३ फॅरड मिळतात आणि वरच्याच दोन व्होल्टच्या घसरणीत २२०० ज्यूल हाती येतात. म्हणजे पूर्ण मागणीला पावणेदोन सेकंद. इथे माझा आकड्यांचा मुद्दा लागू पडत नाही. ठोक्यांमधली दरी हा संच खरोखर भरून काढतो, फक्त प्रत्येक सेलवर सारखं व्होल्टेज ठेवणारं सर्किट हवं. पण गाण्याची सरासरी मागणीच अल्टरनेटरच्या ताकदीबाहेर असेल, तर तोही पाठोपाठ उतरत जातो. आणि लेबलवरच्या फॅरडवर विश्वास ठेवायचं कारण नाही. रिकामा कपॅसिटर १२.६ व्होल्टच्या बॅटरीवरून ३० ओहमच्या, १० वॅटच्या रेझिस्टरमधून भरायला घ्यावा. तो खरंच एक फॅरडचा असेल तर ३० सेकंदांनी त्यावर ८ व्होल्टच्या आसपास दिसतील, पाच फॅरडचा असेल तर तिथे पोचायला अडीच मिनिटं लागतील. रेझिस्टरशिवाय रिकामा कपॅसिटर थेट जोडू नये, मोठी ठिणगी उडते.

राहता राहिली दुसरी बॅटरी. पूर्ण चार्ज झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास विसावते, आणि अल्टरनेटर तर १४ च्या वर असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना व्होल्टेज १३ च्या खाली जाईपर्यंत ती फारसं काही देत नाही, उलट स्वतःच चार्ज होत राहते. इंजिन बंद करून गाणी ऐकणाऱ्याला मात्र तीच खरा आधार. ६० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरायची ठरवली, तर सरासरी ३० अँपिअरला तासभर साथ देते. मधे आयसोलेटर असेल तर इंजिन सुरू करण्यापुरती वीज पुढच्या बॅटरीत शाबूत राहते. डिकीत ठेवायची तर ती बंदिस्त, एजीएम प्रकारची हवी, कारण साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरवर दोन्ही टोकांना, टर्मिनलपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवा.