औषध थेट फुप्फुसात, पण केव्हा?

शिरेतून दिलेले अँटिबायोटिक रक्तासोबत सगळ्या शरीरात फिरते. अ‍ॅमिकासिनसारख्या औषधाचा त्यातला थोडाच भाग फुप्फुसात उतरतो. डोस वाढवावा, तर मूत्रपिंडे आणि कान धोक्यात येतात. मग न्यूमोनियात ते नेब्युलायझरने थेट फुप्फुसातच का देऊ नये?

हे दिसते तितके सोपे नाही. औषधाचे तुषार एक ते पाच मायक्रॉनचे हवेत. मोठे थेंब व्हेंटिलेटरच्या नळीलाच चिकटतात. त्यासाठी सेकंदाला लाखाहून अधिक वेळा थरथरणारी बारीक जाळी असलेले नेब्युलायझर तयार झाले.

बायर कंपनीच्या ‘इन्हेल’ चाचण्यांत व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाच्या 725 रुग्णांना घेतले गेले. शिरेतून अँटिबायोटिक्स सगळ्यांनाच मिळत होती. त्यावर एका गटाला नेब्युलायझरने अ‍ॅमिकासिन, दुसऱ्याला सलाइन दिले. 2020मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल निराशाजनक होता. मुख्य विश्लेषणातल्या 508 रुग्णांपैकी अ‍ॅमिकासिनच्या गटात 75 टक्के वाचले, सलाइनच्या गटात 77 टक्के. एक कारण समजण्यासारखे आहे : न्यूमोनियात वायुकोश पू आणि द्रवाने भरतात. जिथे हवाच शिरत नाही, तिथे तिच्यासोबत औषध तरी कसे पोचणार?

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रश्नच बदलला. घशातून श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाला नीट खोकता येत नाही. तोंडातला स्राव नळीच्या कडेने झिरपत जंतूंना खाली नेतो. मग न्यूमोनिया होण्याआधीच औषध दिले तर? तिथल्या 19 आयसीयूंमध्ये, किमान तीन दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या सुमारे साडेआठशे रुग्णांवर ही चाचणी झाली. दिवसातून एकदा, असे तीन दिवस अ‍ॅमिकासिन किंवा सलाइन दिले. 2023मध्ये निकाल आला : 28 दिवसांत सलाइनच्या गटात 22 टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला, अ‍ॅमिकासिनच्या गटात 15 टक्के. म्हणजे दर शंभरात सात जण न्यूमोनियापासून वाचले. मृत्यू कमी झाल्याचे मात्र दिसले नाही.

आपल्याकडे हे मोलाचे आहे. भारतीय आयसीयूंमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू ठाण मांडून आहेत. दुसरा उपाय उरत नाही, तेव्हा कोलिस्टिन हे अँटिबायोटिकही नेब्युलायझरने दिले जाते. पण प्रतिबंधासाठी सरसकट अँटिबायोटिक वापरले, तर जंतू त्यालाही सरावतील. म्हणून इथल्या जंतूंवर, इथल्या आयसीयूंमध्ये अशा चाचण्या व्हायलाच हव्यात. तोवर हातांची स्वच्छता, उशाकडून उंच केलेली खाट आणि शक्य तितक्या लवकर काढलेली नळी, यांत कसूर नको.