डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि हातातली ट्यूब

गेल्या उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्यातून एक मायलेकी दवाखान्यात आल्या. मुलगी चोवीस वर्षांची, लग्न तीन आठवड्यांवर आलेले. आईने पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. "डाक्टरसाहेब, डोळ्याखालचं काळं जायला ही घेतलीती. पयल्यांदा लई गुण आला. आता बंद केली की तोंड लाल हुतंय, आग हुतीया. लावल्याबिगर जमंनाच."

ट्यूबवरची बारीक अक्षरे भिंगातून वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातले तिसरे नाव स्टेरॉइडचे आहे. मुलगी हे मलम सात महिने, रोज रात्री, अगदी पापणीच्या कडेपर्यंत लावत होती. चिठ्ठी कोणाची, असे विचारले, तर कोणाचीच नाही. मैत्रिणीला गुण आला म्हणून हिनेही आणली.

हे मलम वाईट आहे असे मी म्हणत नाही. वांगाच्या डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञ ते ठरावीक आठवडे, देखरेखीखाली देतात. परंतु डोळ्यांखालची त्वचा ही सगळ्या शरीरातली सर्वांत पातळ त्वचा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच. तिथे स्टेरॉइड महिनोन् महिने लावले की आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते. म्हणजे ज्या काळेपणासाठी मलम आणले तोच पुढे उठून दिसतो. शिवाय औषध डोळ्यात झिरपते. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने चौदा स्टेरॉइडांची मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा झाला, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार आणि चिठ्ठी घेऊन जाणारे गिऱ्हाईक, दोन्ही अजून कमीच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काळी वर्तुळे हा एक रोग नाही. तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात, आणि म्हणून एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. दिवसा खिडकीसमोर आरसा घेऊन बसा आणि खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा. आपल्या सावळ्या वर्णात हा प्रकार फार, आणि बऱ्याचदा तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. ताणल्यावर निळसर-जांभळी झाक अधिक दिसली तर ती पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांची. आणि समोरून बॅटरीचा उजेड टाकल्यावर काळेपणा नाहीसाच झाला, तर तो रंग नव्हेच. ती खाचेची सावली.

सांगलीच्या माझ्या वहिनींचे असेच झाले. वय पन्नाशीचे, मधुमेहासाठी अकरा किलो वजन उतरवलेले. गेल्या दिवाळीत म्हणाल्या, "भावजी, सगळे विचारतात, आजारी आहात का?" त्या बसल्या होत्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली. त्यांना खिडकीशी नेले, आणि निम्मा आजार तिथेच बरा झाला! वयाप्रमाणे गालाची चरबी खाली सरकते, हाडही थोडे झिजते, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यापासून गालाकडे एक खाच पडते. वजन झपाट्याने उतरले की ती अधिक दिसते. या खाचेवर जगातले कोणतेही मलम चालत नाही. सांगलीच्या पेठेतली उत्तमातली हळददेखील नाही.

रंगाचा प्रकार असेल तर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे चोळणे थांबवणे. सर्दी, शिंका, डोळ्यांना खाज असणाऱ्यांच्या डोळ्यांखाली काळे हमखास दिसते. सतत चोळल्याने त्वचा काळवंडते आणि नाक चोंदल्याने तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात. अशा वेळी ॲलर्जीचा इलाज केला की वर्तुळे पुष्कळ उजळतात. काजळ लावा, पण पुसताना खसाखसा पुसू नका. उन्हात जाताना छत्री, टोपी, चष्मा आणि सनस्क्रीन. एवढ्यावर भागले नाही तर त्वचारोगतज्ज्ञ 'क' जीवनसत्त्वाची, कोजिक आम्लाची क्रीम देतात, सौम्य पील करतात, लेझरही वापरतात. लेझरबद्दल मात्र एक विचारून घ्या. सावळ्या त्वचेवर मात्रा जास्त झाली तर डाग उलट गडद होतो. रक्तातले प्लाझ्मा टोचण्याची पद्धतही हल्ली निघाली आहे. थोडाफार फायदा दिसतो, पण त्याचा पुरावा अजून तोकडा आहे. काकडीच्या चकत्या आणि गार चमचा यांनी सूज तासभर उतरते, अपाय काही नाही. लिंबू मात्र डोळ्यांजवळ लावूच नये.

आणि रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चेहरा फिकट पडला की डोळ्यांखालचे काळे अधिक उठून दिसते. थायरॉइड आणि झोप यांचीही चौकशी व्हावी.

खाचेसाठी हल्ली फिलर टोचतात. हायल्युरोनिक आम्लाची जेली त्वचेखाली खोलवर भरली की खाच भरून येते आणि साधारण वर्षभर, कोणाला कमी कोणाला जास्त, टिकते. योग्य रुग्णात परिणाम चांगला दिसतो हे मान्य. पण ज्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या आहेत त्यांना त्याने सूज अधिक येते. जेली वरवर पडली तर त्वचेखाली निळसर दिसते. खरी भीती वेगळीच आहे. जेली चुकून रक्तवाहिनीत शिरली तर ती उलट दिशेने डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकते. असे क्वचित होते, पण झाले तर नजर वाचवायला हातात मिनिटे असतात, दिवस नव्हे. ही जेली विरघळवणारे हायल्युरोनिडेज नावाचे औषध आहे. ते समोर तयार ठेवल्याशिवाय कोणी सुई हातात घेत असेल तर खुर्चीवरून उठावे. टोचणारा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेला डॉक्टर आहे का आणि त्याचे शिक्षण कोणत्या विषयातले, हे विचारण्यात संकोच नको. कायम टिकणारे फिलर या जागी घेऊ नये. मोठ्या पिशव्यांना खालच्या पापणीची शस्त्रक्रिया हाच टिकाऊ उपाय, आणि ती प्लास्टिक सर्जनने किंवा डोळ्यांच्या पापण्यांच्या शस्त्रक्रियेत तयार झालेल्या नेत्रतज्ज्ञाने करावी.

विनालेबल डब्यांतल्या क्रीमविषयीही सांगायला हवे. अकोल्याची एक विद्यार्थिनी ब्यूटिशियनकडची गोरेपणाची क्रीम लावत होती. गुण पाहून आई आणि बहीणही लावू लागल्या. २०२२ मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग उजळतो हे खरे. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. अशी क्रीम लावणाऱ्याच्या पायावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीतले प्रोटीन त्याच दिवशी तपासावे.

कोरेगावच्या मुलीचे मलम मी एकदम तोडले नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सौम्य मलमावर आणून पाच आठवड्यांत हळूहळू बंद केले. त्याच आठवड्यात डोळ्यांचा दाब तपासून घेतला. दोन्ही डोळ्यांत थोडा वाढलेला निघाला. दोन महिन्यांनी पुन्हा पाहिला तेव्हा तो पूर्ववत झाला होता. तिची आजी काचबिंदूने अंध झाली होती, हे मात्र आईने तेव्हा, तिसऱ्या भेटीत सांगितले. मुलीला आता दर वर्षी दाब तपासायला सांगितले आहे. ज्यांनी असे मलम महिनाभराहून अधिक डोळ्यांजवळ लावले आहे त्यांनी ट्यूब सोबत घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे, आणि घरात कोणाला काचबिंदू होता का, ते पहिल्याच भेटीत सांगावे.