टिळकांना मराठी लेखांसाठी शिक्षा झाली, पण ज्युरींना मराठी येत होतं का?

‘केसरी’तल्या लेखांमुळे लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात जावं लागलं, हे आपण शाळेत शिकतो. त्या लेखांचा अर्थ कोर्टात कोणी लावला, हा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

३० एप्रिल १९०८ ला मुजफ्फरपूरमध्ये खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्डसाठी टाकलेल्या बॉम्बने दोन इंग्रज महिलांचा जीव गेला. टिळकांनी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे लेख लिहिले. त्यांनी बॉम्बचं समर्थन केलं नव्हतं. पण तरुण या वाटेला का लागले, याचं उत्तर सरकारच्या दडपशाहीत आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. २४ जूनला त्यांना अटक झाली. कलमं होती १२४-अ म्हणजे राजद्रोह आणि १५३-अ.

खटला चालला मुंबई हायकोर्टात, न्या. दिनशा दावर यांच्यासमोर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! या वेळी मात्र जिनांनी केलेला टिळकांचा जामीन अर्ज त्यांनी फेटाळला.

ज्युरीत ९ जण होते, त्यातले ७ युरोपियन. आरोप मराठी शब्दांवर, मग ते शब्द मूळ भाषेत वाचू शकणारे लोक ज्युरीत हवेत, ही टिळकांच्या बाजूची मागणी होती. आजही ती अगदी साधी वाटते. पण ती मान्य झाली नाही. ज्युरींपुढे आली ती सरकारी इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची स्वतः उलटतपासणी घेतली आणि भाषांतरात मूळ लेखाचा सूर बिघडल्याचं सांगितलं. वकील न देता ते २१ तासांहून जास्त बोलले.

२२ जुलैच्या रात्री ७ विरुद्ध २ मतांनी निकाल आला : दोषी. ६ वर्षं काळं पाणी आणि १००० रुपये दंड. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस संप केला. एका वर्षाला एक दिवस!

१९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून टिळक पुन्हा अडचणीत आले. ही भाषणंही मराठीतच होती. या वेळी वकील होते जिना. हायकोर्टाने सुटी वाक्यं न धरता भाषणं पूर्ण वाचली आणि टिळकांविरुद्धचा जामीनकीचा आदेश रद्द केला.