सांगानेरचे रंग आणि मातीतील जीवाणू

जयपूरच्या दक्षिणेस असलेले सांगानेर हे लाकडी ठशांच्या कापडछपाईसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. पूर्वी तेथील छिपा कारागीर गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग सिद्ध करीत. मंजिष्ठेच्या मुळांपासून लाल रंग मिळे. १८५८ साली पीटर ग्रीस यांनी डायॲझो विक्रिया शोधून काढली आणि तिच्यातून पुढे ॲझो रंगांचे प्रचंड कुल जन्मास आले. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग याच कुलातील आहेत. ते धुण्याने वा उन्हाने सहसा विटत नाहीत. नेमका हाच गुण पुढे अडचणीचा ठरतो.

कापडावर न बसलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. सांगानेरचे असे पाणी वर्षानुवर्षे द्रव्यवती नदीत, म्हणजे ज्याला लोक अमानीशाह नाला म्हणत त्या प्रवाहात, मिसळत आले. काठच्या भाजीच्या मळ्यांनाही हेच पाणी दिले जाई.

मातीतील सूडोमोनास, बॅसिलस इत्यादी जीवाणू या रंगांचे विघटन करू शकतात. ॲझो रंगाच्या रेणूत नत्राचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. रंग दिसतो तो मुख्यतः या बंधामुळे. प्राणवायू नसलेल्या ओल्या मातीत जीवाणू अन्नातून मुक्त झालेले इलेक्ट्रॉन या बंधाकडे सोपवितात आणि बंध तुटतो. त्यासाठी त्यांना दुसरे सुलभ अन्न लागते. छपाईच्या खळीतील डिंकही त्या कामी येतो! प्राणवायू उपलब्ध असेल तर मात्र इलेक्ट्रॉन तिकडेच वळतात आणि रंग तसाच राहतो.

बंध तुटताच पाणी निवळल्यासारखे दिसते. परंतु येथेच फसगत होते. मागे राहिलेली ॲरोमॅटिक अमाइने रंगहीन असली, तरी त्यांपैकी काही मूळ रंगाहून अधिक विषारी असतात. बेंझिडीन तर कर्करोगकारक आहे. त्यांचे वलय फोडण्यास बहुधा प्राणवायू वापरणारी विकरे, म्हणजे वेगळ्या परिस्थितीत कार्य करणारे जीवाणू लागतात. तेव्हा कोठे कार्बन डायऑक्साइड, पाणी व अमोनिया उरतात. म्हणूनच शुद्धीकरणात सांडपाणी प्रथम प्राणवायूविरहित टाकीत आणि नंतर हवा खेळविलेल्या टाकीत ठेवणे इष्ट असते. गंधकयुक्त सल्फोनेट गट असलेली अमाइने एवढ्यानेही सहजी दाद देत नाहीत. काही रंगांत तांबे वा क्रोमियम असते. ही मूलद्रव्येच असल्यामुळे कोणताही जीवाणू त्यांचे विघटन करू शकत नाही. ती मातीतच साचत राहतात.