परवाना नेमका कोणाचा?

ट्रक किंवा बस धंद्यासाठी रस्त्यावर उतरते तेव्हा चालकाचे लायसन्स, गाडीचे परमिट आणि फिटनेस, आणि पुष्कळदा धंदा करणाऱ्याची स्वतंत्र नोंदणी, असे निरनिराळे कागद लागतात. बोलण्यात या साऱ्यांना सरसकट ‘परवाना’ म्हटले जाते आणि निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात. परिवहन विभागाच्या मराठीत चालकाची ती ‘अनुज्ञप्ती’ आणि गाडीचा तो ‘परवाना’. शब्द बोजड आहे, पण भेद कामाचा आहे. लायसन्स, परमिट आणि फिटनेस या तिन्हींचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे.

चालकाबाबतचा जुना समज असा, की ट्रकचे लायसन्स काढायला आठवी पास असावे लागते. ही अट २०१९ मध्ये रद्द झाली. वय मात्र किमान २० वर्षे लागते, हलक्या वाहनाचे लायसन्स आधी निदान एक वर्ष हातात असावे लागते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. व्यावसायिक लायसन्सची मुदत पाच वर्षे आहे. धोकादायक माल वाहून नेणाऱ्यांसाठी ती तीनच वर्षे असून त्यांना वेगळे प्रशिक्षणही घ्यावे लागते.

दुसरा समज असा: पिवळ्या पाटीची कोणतीही गाडी चालवायला व्यावसायिक लायसन्सच हवे. अपघातानंतर विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाई नाकारत आणि वाद वर्षानुवर्षे चालत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो निकाली काढला. ज्या गाडीचे मालासह एकूण वजन ७,५०० किलोंपेक्षा जास्त नाही, ती मालवाहू किंवा प्रवासी असली तरी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते.

गाडीच्या परमिटबाबत सर्वांत हट्टी समज म्हणजे ‘माल आपलाच आहे, भाडे घेत नाही, मग परमिट कशाला?’ याचे मूळ १९३९ च्या कायद्यात आहे. त्यात भाड्याने माल नेणाऱ्यांची आणि स्वतःचाच माल नेणाऱ्यांची परमिटे वेगवेगळी होती. जुन्या ट्रकांच्या कपाळावरचे ‘पब्लिक कॅरियर’ ही त्याचीच खूण. १९८८ च्या कायद्याने हा भेद पुसला. आता मालवाहू गाडीला परमिट लागतेच, आणि कलम ६६ नुसार गाडी रिकामी धावत असली तरी लागते. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना मात्र सूट आहे, म्हणून ‘छोटा हत्ती’ परमिटाविना धावतो. ही सूट परमिटापुरतीच आहे. फिटनेस त्यालाही चुकत नाही. ते प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते.

नॅशनल परमिट म्हणजे देशभर मोकळे रान, हेही खरे नाही. कोल्हापूरचा ट्रक गूळ घेऊन अहमदाबादला जाऊ शकतो, पण तिथून सुरतेचे भाडे घेऊ शकत नाही. परराज्यातल्या दोन ठिकाणांमधला माल त्याला उचलता येत नाही. शिवाय गाडी १२ वर्षांपेक्षा जुनी झाली की हे परमिट मिळत नाही. मल्टिॲक्सल गाड्यांना ही मर्यादा १५ वर्षे आहे.

प्रवासी वाहतुकीत तिकीट फाडणारी प्रत्येक बस एकसारखी वाटते. कायद्याला मात्र दोन जाती दिसतात. एसटी ठरलेल्या मार्गावर थांब्याथांब्यावर प्रवासी घेते आणि टप्प्याचे भाडे आकारते. कंत्राटी परमिटाच्या बसने संपूर्ण प्रवासाचा एक करार करून ठरलेली मंडळी न्यायची असते, वाटेत चढ-उतार करायची नसते. हायवेच्या नाक्यावर हाका मारून प्रवासी भरणारी कंत्राटी बस परमिटाची अट मोडत असते, खिडकीवर परमिटाचा क्रमांक कितीही ठळक असला तरी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे मारणे तर सरळसरळ विनापरमिट वाहतूक ठरते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

टेम्पोतून वऱ्हाड नेण्याची चाल गावोगावी आहे, आणि ‘गाडीचा विमा आहे’ एवढ्यावर सारे निर्धास्त असतात. हा समज सर्वांत महाग पडतो. मालवाहू गाडीचा सक्तीचा विमा मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला संरक्षण देतो. मागे हौद्यात बसलेल्या पाहुण्यांना देत नाही.

उरला ट्रान्सपोर्टवाला. स्वतःचा एकही ट्रक नसताना केवळ माल बुक करून बिल्टी फाडणाऱ्याला काहीच लागत नाही, असे बाजारात सर्रास मानले जाते. १८६५ चा जुना कायदा रद्द करून आलेला २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यानुसार सर्वांसाठी मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि त्याच्या व्याख्येत बुकिंग एजंट, दलाल आणि कुरियरवालेही येतात.