अन्नपूर्णेची उलटी प्रदक्षिणा

देवळात प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला ठेवावयाचा, हे लहान मुलालाही ठाऊक असते. नेपाळात अन्नपूर्णा नावाची एक विशाल पर्वतरांग आहे. तिच्या सर्वांत उंच शिखराची उंची ८,०९१ मीटर आहे. या पर्वतरांगेला वळसा घालणारी एक वाट १९७७ साली परदेशी प्रवाशांना खुली झाली आणि पाठीवर सामान घेऊन डोंगर तुडविणाऱ्यांमध्ये ती जगभर प्रसिद्ध पावली. परंतु या वाटेने जाणारे बहुतेक लोक अन्नपूर्णेला डाव्या हाताला ठेवून चालतात. म्हणजे त्यांची प्रदक्षिणा उलटी होते! देवीचा अनादर करावा असे काही त्यांच्या मनात नसते. या उलट चालण्याचे कारण हवेत दडलेले आहे, आणि ते ज्याला नीट उमगले त्याने या प्रवासाचा अर्धाअधिक आराखडा बांधला असे समजावे.

ही वाट पूर्वेकडील बेसीसहर या गावी सुरू होते. तेथून ती मर्स्यांदी नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे चढत मनांगला पोचते. पुढे थोरोंग ला नावाची ५,४१६ मीटर उंचीची खिंड ओलांडून ती पश्चिमेस मुक्तिनाथला उतरते, आणि मग काली गंडकीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे वळून पोखरा शहराजवळ येते. ‘ला’ या तिबेटी शब्दाचा अर्थच खिंड असा आहे. सगळा वळसा पायी घालावयाचा तर दोन ते तीन आठवडे लागतात.

आराखड्यातील पहिला प्रश्न महिन्याचा असतो. पावसाळ्यात खालच्या खोऱ्यांत दरडी कोसळतात व जळवांचा उपद्रव होतो. भर हिवाळ्यात खिंड बर्फाने अडते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हे महिने निवडतात.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि सर्वांत अधिक विचार करावयाचा तो येथेच. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. थोरोंग ला त्याच्या तिपटीहून अधिक उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही. ते समुद्रकाठी असते तेवढेच, म्हणजे शेकडा सुमारे २१ असते. बदलतो तो हवेचा दाब. खिंडीत तो समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा प्राणवायूही जवळजवळ निम्मा होतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, नाडी वेगाने चालते, आणि हळूहळू रक्तातील तांबड्या पेशीही वाढू लागतात. मात्र या तयारीला दिवस लागतात. राजगड एका दमात चढून जाणाऱ्या तरुणालाही त्यात सवलत मिळत नाही. उलट पायांत जोर असल्यामुळे तो भराभर वर जातो आणि अधिक लवकर आजारी पडतो.

यासाठी अनुभवी लोकांनी एक नियम ठरविला आहे. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर, आज जेथे निजलो त्याहून उद्याची निजण्याची जागा ५०० मीटरांपेक्षा अधिक उंच असू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी थांबावे. आता पूर्वेकडील मुक्काम पाहा. पिसांग सुमारे ३,२०० मीटरांवर आहे व मनांग ३,५४० मीटरांवर. त्यापुढे याक खर्क सुमारे ४,०५० मीटरांवर आणि थोरोंग फेदी सुमारे ४,४५० मीटरांवर आहे. जणू कोणी जाणूनबुजून पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत! पश्चिमेकडून मात्र ३,८०० मीटरांवरील मुक्तिनाथ सोडले की एकाच दिवसात सुमारे १,६०० मीटर चढावे लागते, आणि वाटेत मुक्कामाची सोय फारशी नाही. म्हणूनच प्रदक्षिणा उलटी घालावयाची.

मनांगला सर्वजण एक-दोन दिवस थांबतात. थांबावयाचे म्हणजे अंथरुणात पडून राहावयाचे नव्हे. दिवसा जवळच्या एखाद्या उंच जागी जावे व रात्री पुन्हा गावात येऊन निजावे, म्हणजे शरीर लवकर सरावते. अलीकडे मनांगपर्यंत मोटाररस्ता झाला आहे. त्यामुळे एक नवाच धोका उत्पन्न झाला आहे. ७६० मीटरांवरील बेसीसहरहून जीपने निघालेला माणूस, जी उंची पायी गाठण्यास आठवडा लागला असता ती एक-दोन दिवसांत गाठतो. त्याचा वेळ वाचतो, पण तो वाचलेला वेळ मनांगला बसून परत फेडावा लागतो.

डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळणे, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे होत. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. तोल जाऊ लागला किंवा स्वस्थ बसले असतानाही धाप लागू लागली, तर रात्र असली तरी त्या माणसाला कोणाच्या तरी सोबतीने तत्काळ खाली आणले पाहिजे. अशा स्थितीत काही तासांच्या विलंबानेही प्राण जातात. दुर्दैवाने पुष्कळजण डोकेदुखी लपवितात. आपल्या एकट्यामुळे सगळी मंडळी अडू नयेत असे त्यांना वाटते, किंवा परतीचे तिकीट हातात असते. म्हणून आराखड्यात दोन दिवस कोणत्याही कामाला न लावता मोकळे ठेवावेत. हे दिवस वाया गेल्यासारखे दिसतात, पण आजाऱ्याला ‘आज मला जमत नाही’ असे सांगण्याचे धैर्य तेच देतात. ओझी वाहणाऱ्या नेपाळी बांधवांकडेही लक्ष असावे. त्यांतील कित्येकजण सखल भागातून आलेले असतात. उंची त्यांनाही बाधते, आणि मालकाला सांगण्याचा संकोच त्यांना अधिक वाटतो.

मोकळ्या दिवसांचा उपयोग हवा बिघडली तरही होतो. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणमजवळ धडकले. किनाऱ्यापासून कितीतरी दूर असलेल्या हिमालयात, दोनच दिवसांनी, १४ तारखेला त्याच्या उरलेल्या ढगांनी प्रचंड हिमवर्षाव केला. थोरोंग लावर त्या दिवशी शेकडो माणसे होती. वाट बर्फाखाली नाहीशी झाली, समोरचे दिसेना. त्या प्रदेशात चाळीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत परदेशी प्रवासी होते, तसेच नेपाळी वाटाडे व ओझीवाले होते. २०२३ च्या एप्रिलपासून नेपाळ सरकारने परदेशी प्रवाशांनी वाटाड्या सोबत घेतलाच पाहिजे असा नियम केला आहे. तरीही आकाश पाहून निघावयाचे की थांबावयाचे, हे ज्याच्या त्याच्या मनाने शांतपणे ठरवावे लागते.

पाठीवरच्या पिशवीत काय भरावे याची चर्चा घरी फार रंगते. खरे पाहता वाटेवर ठिकठिकाणी निजावयास खोली व जेवावयास डाळभात मिळतो, तेव्हा फारसे काही लागत नाही. एका जाड कपड्याऐवजी एकावर एक घालता येतील असे तीन-चार पातळ कपडे, बर्फावरील उन्हापासून डोळ्यांना जपणारा काळा चष्मा, पाणी शुद्ध करण्याचे औषध आणि पायांना सरावलेले बूट एवढे असले म्हणजे पुरे. नवे कोरे बूट घालून निघालेल्या माणसाची आठवण त्याचे सोबती पुढे वर्षानुवर्षे काढीत असतात!

खिंड ओलांडावयाच्या दिवशी पहाटे चार-पाच वाजताच निघतात, कारण दिवस वर आला की तेथे वारा भयंकर वाहू लागतो. दुपारपर्यंत मुक्तिनाथ येते. तेथील १०८ धारांखाली स्नान करण्यासाठी भारतातूनही यात्रेकरू येतात. पुढे काली गंडकीचे पात्र लागते. महाराष्ट्रातील कित्येक देव्हाऱ्यांत व तुळशीच्या लग्नात जो शाळिग्राम असतो, तो याच नदीतला. हिमालय वर उचलला जाण्यापूर्वी येथे समुद्र होता. त्यातील शंखधारी प्राण्यांचे ठसे या काळ्या दगडांत कोट्यवधी वर्षे टिकून राहिले आहेत.

या खोऱ्यातही घड्याळाकडे पाहूनच चालावे लागते. ऊन चढले की उत्तरेकडील उघड्या पठारावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडील हवा या अरुंद खोऱ्यातून जोराने घुसते. दक्षिणेकडे उतरणाऱ्याच्या तोंडावर धूळ व वाळू येऊन आदळते. म्हणून दुपारपूर्वीच मुक्काम गाठावा. आता या बाजूलाही रस्ता झाला आहे, त्यामुळे अनेकजण येथे मोटारीत बसतात. जुन्या वाटेने चालणारे मात्र तातोपानी येथे गरम पाण्याच्या झऱ्यांत दुखरे पाय बुडवून बसतात, आणि दुसऱ्या दिवशी घोरेपानीची चढण चढू लागतात. ही चढणही मुक्तिनाथहून थोरोंग लापर्यंतच्या चढणीइतकीच, म्हणजे सुमारे १,६०० मीटरांची आहे. पण घोरेपानी ३,००० मीटरांच्या खालीच राहते. तेथे पोचेपर्यंत गुडघे कुरकुर करतात, घाम निथळतो. डोके मात्र कोणाचेही दुखत नाही.